रक्तवाहिनी-शिथिलक हॉर्मोने : व्यायाम व उच्चता यांचा परिणाम

रक्तवाहिन्यांच्या भित्तीतील अरेखित (अनैच्छिक) स्नायू सैल करून त्यांची पोकळी रुंदावणाऱ्या आणि त्यायोगे रक्तदाब व निरनिराळ्या अवयवांचा रक्तपुरवठा यांचे नियमन करणाऱ्या, शरीरातच तयार होणाऱ्या रासायनिक द्रव्यांना रक्तवाहिनी-शिथिलक हॉर्मोने असे म्हणता येईल. अधिवृक्क ग्रंथीतील नॉरॲड्रेनॅलीन, वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) रेनीन या एंझाइमामुळे रक्तात तयार होणारे अँजिओटेन्सीन व रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील एंडोथेलीन ही द्रव्ये रक्तवाहिन्यांचे आकुंचन घडवितात. शिथिलक द्रव्ये त्यांच्या विरुद्ध कार्य करतात. निरोगी माणसात विश्रांतीच्या वेळी या दोन गटांत समतोल असतो. श्रम आणि समुद्रसपाटीपासूनची मोठी उंची (उच्चता) या दोन परिस्थितींत तो बदलतो. दोन्ही एकत्र आल्यास, म्हणजे उंच प्रदेशात पोहोचताच माणसाने कष्टाचे काम केल्यास, त्याच्यावर इतका ताण पडू शकतो की, सुदृढ तरुणाच्याही जिवाला धोका संभवतो.

स्वरूप व प्रकार : ही द्रव्ये स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारातील द्रव्ये एका अवयवात तयार होऊन रक्तातून दूरवर जातात व रूढ अर्थाने हॉर्मोने या संज्ञेस पात्र ठरतात. हृदयाच्या अलिंदांच्या (वरच्या कप्प्यांच्या) स्नायुकोशिकांतून स्रवणारे अलिंदीय सोडियम-उत्सर्जक पेप्टाइड हे यांतील सर्वांत महत्त्वाचे होय. याच कुलातील एक पेप्टाइड मुख्यत्वे निलयांतून (खालच्या कप्प्यांतून) स्रवते. दुसऱ्या प्रकारातील द्रव्ये जेथे तयार होतात तेथेच, काही सेकंदांत वा मिनिटांत, आपले कार्य उरकून नाश पावतात. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील कोशिकांत तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू आणि प्रोस्टासायक्लीन हे वसाम्लापासून बनणारे द्रव्य ही याची प्रमुख उदाहरणे आहेत. काटेकोर व्याख्येनुसार यांना हॉर्मोने म्हणण्याऐवजी स्थानिक दूतद्रव्ये म्हणणे अधिक योग्य ठरेल; तथापि कार्यदृष्ट्या त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

अलिंदीय पेप्टाइडाचा रेणू २८ ॲमिनो अम्लांचा असून त्यांपैकी १७ अम्लांचे एक वलय असते. अलिंदात अधिक रक्त येऊन त्याची भित्ती ताणली गेली की, कोशिकांतील कणिकांमध्ये साठविलेले पूर्वद्रव्य विभागून हे पेप्टाइड रक्तात सोडले जाते. त्याची कार्ये तीन प्रकारची आहेत : (१) रक्तवाहिन्या शिथिल करणे, (२) वृक्कातून सोडियम व पाणी यांचे उत्सर्जन वाढविणे, तसेच रेनीन व आल्डोस्टेरॉन या सोडियम राखून ठेवणाऱ्या द्रव्यांचे स्रवण कमी करणे, (३) केशवाहिन्यांची पार्यता वाढवून रक्तद्रवाचा काही भाग ऊतकांत जाऊ देणे. तिन्ही कार्यांचा परिणाम एकच, तो म्हणजे हृदयावरील भार हलका करणे. रक्तातून ते काही मिनिटांतच नाहीसे होते.

अलिंदीय पेप्टाइड कोशिकेच्या बाह्य आवरणावरील ग्राहीवर कार्य करते, तर नायट्रिक ऑक्साइड सरळ कोशिकेत शिरतो. दोहोंमुळे स्नायुकोशिकेत चक्रीय जीएमपी या एकाच द्रव्याचे प्रमाण वाढते व त्यामुळे स्नायू सैल होतो. मार्ग वेगळे असले, तरी अंतिम दूत एकच आहे. उच्चताजन्य आजारांवरील काही आधुनिक औषधे याच तत्त्वावर आधारलेली आहेत.

इतिहास : हृदय हे केवळ रक्त ढकलणारे साधन आहे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रूढ होती. अलिंदांच्या कोशिकांत ग्रंथीच्या कोशिकांप्रमाणे कणिका असल्याचे १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसून आले होते. परंतु त्यांचे कार्य अज्ञात होते. १९८१ मध्ये कॅनडात आडोल्फो द बोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या मूत्रातील सोडियम व पाणी अल्पावधीत पुष्कळ वाढले आणि रक्तदाब उतरला. निलयांच्या अर्काने असा परिणाम झाला नाही. अशा रीतीने हृदय ही एक अंतःस्रावी ग्रंथीही आहे, हे सिद्ध झाले. त्याच सुमारास, १९८० मध्ये, रॉबर्ट फर्चगॉट यांनी रक्तवाहिनीचा अंतःस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलिनामुळे ती शिथिल होते, असे दाखविले. अंतःस्तरातून सुटणारा हा अज्ञात घटक नायट्रिक ऑक्साइड असल्याचे १९८७ च्या सुमारास स्पष्ट झाले. या संशोधनाबद्दल फर्चगॉट, लूइस इग्नॅरो व फेरिद मुराद यांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोस्टासायक्लिनाचा शोध १९७६ मधील आहे.

व्यायामाचा परिणाम : विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय दर मिनिटास सुमारे ५ लि. रक्त पुढे ढकलते. जोरकस व्यायामात हे प्रमाण २० लि. वा त्याहून अधिक होते. विश्रांतीत यातील सु. एकपंचमांश रक्त कंकाल स्नायूंकडे जाते. तीव्र श्रमात मात्र चारपंचमांशांहून अधिक रक्त त्यांच्याकडे वळते. पचन तंत्र व वृक्क यांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि काम करणाऱ्या स्नायूंच्या वाहिन्या रुंदावतात म्हणूनच हे शक्य होते. स्नायूंतील चयापचयामुळे निर्माण होणारी द्रव्ये हे या रुंदावण्याचे एक कारण होय. दुसरे कारण असे की, वेगाने वाहणाऱ्या रक्ताच्या घर्षणाने अंतःस्तरातील कोशिका उत्तेजित होऊन अधिक नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लीन निर्माण करतात. प्रवाह वाढला की वाहिनी रुंदावते व ती रुंदावल्याने प्रवाहाला वाट मिळते.

व्यायामात हृदयाकडे परतणारे रक्त वाढते, अलिंदे ताणली जातात व रक्तातील अलिंदीय पेप्टाइडाचे प्रमाण वाढते. ही वाढ श्रमाच्या तीव्रतेनुसार होते व तीव्र श्रमात ती विश्रांतीच्या प्रमाणाच्या दुपटीहूनही अधिक असू शकते. शरीराच्या स्थितीचाही तीवर परिणाम होतो : उभे असताना रक्त पायांत साचते, तर आडवे असताना किंवा पाण्यात पोहताना ते छातीकडे येते व पेप्टाइडाचे प्रमाण अधिक आढळते. नियमित व्यायामाने विश्रांतीच्या वेळचे पेप्टाइडाचे प्रमाण फारसे बदलत नाही. अंतःस्तराची नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्याची क्षमता मात्र सुधारते. नियमित चालण्याने रक्तदाब काहीसा कमी होण्याचे हे एक कारण मानले जाते.

उष्ण हवेतील श्रमांत आणखी एक घटक येतो. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यासारख्या तापी खोऱ्यातील प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४२° से.च्या वर जाते. अशा हवेत शेतात राबणाऱ्या माणसाच्या त्वचेच्या वाहिन्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी रुंदावतात. यातही नायट्रिक ऑक्साइडाचा वाटा असतो. घामावाटे पाणी व मीठ गेल्याने रक्तद्रव घटतो, अलिंदे कमी ताणली जातात व अलिंदीय पेप्टाइडाची वाढ मर्यादित राहते. याउलट आल्डोस्टेरॉन आणि पोष ग्रंथीतील व्हॅसोप्रेसीन ही हॉर्मोने वाढून शरीरातील पाणी राखून ठेवतात. एकदोन आठवडे अशा हवेत काम केल्यावर रक्तद्रवाचे आकारमान वाढते व शरीर उन्हाळ्याला सरावते. हा सराव उष्णतेपुरताच असतो. उच्चतेचे अनुकूलन त्यातून साधत नाही.

उच्चता व ऑक्सिजनाची उपलब्धता : हवेतील ऑक्सिजनाचे शेकडा प्रमाण (सु. २१) सर्व उंचींवर जवळजवळ सारखेच असते, पण उंचीबरोबर वायुदाब कमी होत गेल्याने श्वासात मिळणाऱ्या ऑक्सिजनाचा आंशिक दाब घटतो. समुद्रसपाटीला वायुदाब ७६० मिमी. (पारा) असतो. सु. २०० मी. उंचीच्या शिंदखेडा परिसरात तो ७४० मिमी.च्या आसपास असतो व ओलसर झालेल्या श्वासवायूत ऑक्सिजनाचा दाब १४५ मिमी.च्या जवळपास भरतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) येथे वायुदाब सु. ६३० मिमी. असतो. लेह येथे (सु. ३,५०० मी.) तो सु. ५०० मिमी.पर्यंत उतरतो आणि श्वासवायूतील ऑक्सिजनाचा दाब ९५ मिमी.च्या आसपास राहतो. एव्हरेस्टच्या शिखरावर १९८१ मध्ये प्रत्यक्ष मोजलेला वायुदाब २५३ मिमी. होता. उच्चताजन्य आजार सामान्यतः २,५०० मी.च्या वर उद्‌भवतात. म्हणजे महाराष्ट्रातील कोणत्याही गडावर वा शिखरावर ते होण्याचा फारसा संभव नाही. परंतु त्याच कारणाने सह्याद्रीत कितीही सराव केला, तरी त्यातून स्नायू व हृदय यांची क्षमता वाढते, उच्चतेचे अनुकूलन होत नाही.

उच्चतेचा परिणाम : ऑक्सिजन कमी पडल्यास शरीरातील बहुतेक भागांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसातील रोहिण्या मात्र आकुंचन पावतात. १९४६ मध्ये उल्फ फोन ऑइलर व जी. लिल्येस्त्रांद यांनी मांजरांवरील प्रयोगांत हे दाखविले. सपाटीवर ही योजना उपयुक्त असते : फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा पोहोचत नसेल, तर तेथील रक्त चांगल्या भागाकडे वळविले जाते. उंच प्रदेशात मात्र संपूर्ण फुप्फुसातच ऑक्सिजन कमी असल्याने सर्वत्र आकुंचन होते आणि फुप्फुस रोहिणीतील दाब वाढतो. हृदयाच्या उजव्या बाजूला या वाढलेल्या दाबाविरुद्ध काम करावे लागते.

या ठिकाणी शिथिलक हॉर्मोनांचे महत्त्व प्रत्ययास येते. उजवे अलिंद ताणले गेल्याने व ऑक्सिजन-न्यूनतेच्या प्रत्यक्ष परिणामाने अलिंदीय पेप्टाइड सुटते; ते फुप्फुसातील वाहिन्यांचे आकुंचन काही अंशी कमी करते व मूत्रोत्सर्जन वाढविते. उंच प्रदेशात गेल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत निरोगी माणसास लघवी अधिक होते, हे चांगल्या अनुकूलनाचे लक्षण समजले जाते. त्याच वेळी आल्डोस्टेरॉनाचे प्रमाण कमी राहते. नायट्रिक ऑक्साइडाच्या बाबतीत मात्र अडचण अशी की, तो तयार करणाऱ्या एंझाइमाला ऑक्सिजनच लागतो. त्यामुळे ज्या वेळी त्याची गरज सर्वाधिक असते, त्याच वेळी फुप्फुसातील त्याचे उत्पादन घटू शकते.

शिथिलक हॉर्मोन जितके अधिक तितके हितकारक, असे मात्र नाही. आल्प्समधील ४,५५९ मी. उंचीच्या मार्गेरीता कुटीत केलेल्या व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत ज्यांना तीव्र पर्वतविकार (डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश इ. लक्षणे असलेला आजार) झाला, त्यांच्या रक्तात अलिंदीय पेप्टाइड अधिक असल्याचे आढळले. अशा व्यक्तींच्या शरीरात पाणी साचलेले असते व अलिंद रुंदावलेले असते. म्हणून वाढलेले पेप्टाइड हे येथे आजाराचे मूळ कारण नसून हृदयावरील वाढत्या भाराचे द्योतक ठरते. शिवाय केशवाहिन्यांची पार्यता वाढविण्याच्या गुणामुळे ते शोफ (ऊतकांत द्रव साचून येणारी सूज) होण्यास काही अंशी हातभारही लावू शकते.

संयुक्त परिणाम : उंच प्रदेशात श्रम केल्यास दोन्ही ताणांची बेरीज होते. ऑक्सिजन-न्यूनतेमुळे आधीच अरुंद झालेल्या फुप्फुसवाहिन्यांतून व्यायामामुळे कितीतरी अधिक रक्त जाऊ लागते व तेथील दाब झपाट्याने चढतो. १९८५ मध्ये अमेरिकेत दाब कमी करता येणाऱ्या बंदिस्त कक्षात आठ पुरुषांना ४० दिवस ठेवून एव्हरेस्टच्या शिखरापर्यंतची परिस्थिती क्रमाक्रमाने निर्माण करण्यात आली. समुद्रसपाटीच्या दाबाला विश्रांतीत त्यांच्या फुप्फुस रोहिणीतील सरासरी दाब १५ मिमी. होता, शिखराइतक्या उंचीला तो विश्रांतीतच ३४ मिमी. झाला आणि जवळजवळ कमाल श्रमात ५४ मिमी.पर्यंत गेला. सपाटीवर तितक्याच कसोटीच्या श्रमात तो ३३ मिमी. होता. याचा अर्थ असा की, अतिउंचीवर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या फुप्फुसवाहिन्यांवर सपाटीवरील जोरकस व्यायामाइतका भार असतो.

दीर्घकाळ चढ चढण्याच्या श्रमांचा हॉर्मोनांवर आणखी एक परिणाम होतो. अनेक तास चालल्याने आल्डोस्टेरॉन वाढून शरीरात सोडियम व पाणी साचते. उच्चतेने होणारे मूत्रोत्सर्जन याच्या विरुद्ध दिशेचे असते. ज्यांच्यात श्रमामुळे आल्डोस्टेरॉन व व्हॅसोप्रेसीन यांची वाढ अधिक होते, त्यांना पर्वतविकार होण्याचा संभव अधिक असल्याचे दिसून आले आहे. निरनिराळ्या प्रयोगांतील अलिंदीय पेप्टाइडाचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत. कारण श्रमाची तीव्रता, उंचीवर घालविलेला काळ, शरीराची स्थिती आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण यांनुसार ते बदलतात.

उच्चताजन्य फुप्फुसशोफ : फुप्फुसवाहिन्यांचे आकुंचन सर्वत्र सारखे नसते. कमी आकुंचन पावलेल्या भागात रक्त अतिदाबाने शिरते, तेथील केशवाहिन्यांच्या अतिपातळ भित्तींना इजा होते व द्रव वायुकोशांत झिरपतो. विश्रांतीतही धाप लागणे, कोरडा व नंतर गुलाबी फेसयुक्त कफाचा खोकला, ओठ निळसर होणे ही याची लक्षणे होत. आजार बहुधा उंचीवर पोहोचल्यानंतर दोन ते चार दिवसांत होतो व उपचारास विलंब झाल्यास मृत्यू येऊ शकतो. या आजाराला बळी पडणाऱ्यांच्या उच्छ्‌वासातील नायट्रिक ऑक्साइड उंचीवर कमी होतो, असे आढळून आले आहे. १९९६ मध्ये अशा रुग्णांना नायट्रिक ऑक्साइड हुंगण्यास दिल्यावर त्यांच्या फुप्फुस रोहिणीतील दाब उतरला व रक्तातील ऑक्सिजन सुधारला. आकुंचन व शिथिलन यांतील असमतोल हाच या आजाराचा गाभा आहे, याचा तो स्पष्ट पुरावा होय.

याउलट पिढ्यान्‌पिढ्या उंचीवर राहणाऱ्या लोकांत शिथिलन अधिक कार्यक्षम असते. सु. ४,२०० मी. उंचीवरील तिबेटी लोकांच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइडापासून बनलेल्या द्रव्यांचे प्रमाण सपाटीवरील लोकांच्या दहापटीहून अधिक आणि हाताच्या पुढील भागातील रक्तप्रवाह दुपटीहून अधिक असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

भारतातील संशोधन : भारतात या विषयाला चालना मिळाली ती सैनिकी गरजेतून. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात व त्यानंतर सपाटीवरील हजारो जवानांना हिमालयाच्या उंच भागात अल्पावधीत जावे लागले आणि पर्वतविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळू लागले. १९६२ मध्येच शरीरक्रियाविज्ञान व संबद्ध शास्त्रे यांकरिता संरक्षण संस्था स्थापन झाली. लष्करी डॉक्टर एन्. डी. मेनन यांनी १९६५ मध्ये फुप्फुसशोफाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सु. ३,३५० ते ५,५०० मी. उंचीवर आजारी पडलेल्या १,९२५ जवानांवरील निरीक्षणे १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. जगातील या विषयावरील मूलभूत लेखनात त्यांची गणना होते. पुढे दिल्लीच्या जीनोमिकी व समाकलित जीवविज्ञान संस्थेतील संशोधकांनी लडाखी रहिवासी व फुप्फुसशोफ झालेले सपाटीवरील लोक यांची तुलना केली. नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या एंझाइमाच्या जनुकाची रूपे या दोन गटांत वेगळ्या प्रमाणांत आढळली आणि आजार झालेल्यांत नायट्रिक ऑक्साइडाची पातळी कमी दिसली.

अनुकूलन व खबरदारी : या अनुभवावरून भारतीय सैन्याने अनुकूलनाचे टप्पे ठरविले आहेत. सु. २,७०० ते ३,६०० मी. उंचीवर सहा दिवस, त्यापुढे ४,५०० मी.पर्यंत चार दिवस व त्याहून वर आणखी चार दिवस घालवावे लागतात. पहिल्या टप्प्यात सुरुवातीचे दोन दिवस संपूर्ण विश्रांती, नंतरचे दोन दिवस सपाट वाटेवर थोडे चालणे व शेवटचे दोन दिवस लांब चालणे आणि हलका चढ असा क्रम असतो. हॉर्मोनांच्या दृष्टीने या क्रमाचा अर्थ उघड आहे : आकुंचन-शिथिलनाचा नवा समतोल प्रस्थापित होईपर्यंत फुप्फुसवाहिन्यांवर श्रमाचा भार पडू द्यावयाचा नाही.

कमावलेले अनुकूलन टिकाऊ नसते. रजेवर घरी आलेला जवान काही आठवडे तापी खोऱ्यातील आपल्या गावी राहिला की, ते बरेचसे नाहीसे होते. परत जाताना त्याला फुप्फुसशोफाचा धोका नवख्या माणसाइतकाच असतो. म्हणून चार आठवड्यांहून अधिक काळ सपाटीवर काढलेल्या जवानाला सर्व टप्पे पुन्हा पार करावे लागतात.

हेच तत्त्व गिर्यारोहकांना व यात्रेकरूंना लागू पडते. १९९८ मध्ये एव्हरेस्ट सर करणारे सुरेंद्र चव्हाण आणि २०१२ मध्ये त्याच शिखरावर पोहोचलेले पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक यांच्यासारख्या महाराष्ट्रीय गिर्यारोहकांची बैठक सह्याद्रीत तयार झालेली असते. परंतु एव्हरेस्टच्या मोहिमांना कित्येक आठवडे लागतात ते मुख्यतः अनुकूलनासाठी. दिवसा उंच चढून रात्री खालच्या तळावर झोपणे, ही त्यांतील सर्वमान्य पद्धत आहे. केदारनाथ (सु. ३,५८० मी.) व अमरनाथ (सु. ३,९०० मी.) येथील यात्रेकरूंना मात्र वेळ थोडा व चढ मोठा असतो. सर्वसाधारण नियम असा की, ३,००० मी.च्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मी.हून अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. विमानाने एकदम लेहसारख्या ठिकाणी उतरल्यास पहिले दोन दिवस श्रम टाळावेत. व्यायामाची सवय असलेला तरुण आपल्या ताकदीच्या भरवशावर वेगाने चढतो व म्हणूनच अनेकदा आजारी पडतो. शारीरिक सुदृढता हे या आजारापासूनचे संरक्षण नव्हे.

लक्षणे दिसताच चढणे थांबविणे, ऑक्सिजन देणे व रुग्णाला लवकरात लवकर खाली आणणे हा मुख्य उपचार होय. खाली आणताना रुग्णाला शक्यतो चालू देत नाहीत; कारण त्या श्रमानेही फुप्फुस रोहिणीतील दाब वाढतो. पर्वतविकाराच्या प्रतिबंधासाठी ॲसिटाझोलामाइड, तर फुप्फुसशोफासाठी निफेडिपीन हे वाहिनी-शिथिलक औषध वापरतात. सिल्डेनाफिल व टॅडालाफिल ही औषधे चक्रीय जीएमपीचा नाश रोखून नायट्रिक ऑक्साइड व अलिंदीय पेप्टाइड यांचा परिणाम वाढवितात. ही सर्व औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाची असून ती सावकाश चढण्याला पर्याय ठरत नाहीत. रक्तवाहिन्या सैल ठेवण्याची शरीराची स्वतःची व्यवस्था समर्थ आहे. मात्र नव्या उंचीशी जुळवून घेण्यास तिला काही दिवसांचा अवधी द्यावा लागतो.